मूर्ती वाढल्याबाबत

साहेब, तुमचं पत्र खोटं आहे. मूर्ती आम्ही बदललेली नाही. ती वाढली.

पत्रात तुम्ही म्हणता, प्रथम नोंदीच्या वेळी मूर्तीची लांबी बावन्न सेंटिमीटर होती, पडताळणीत ती सहासष्ट भरली, सबब मूळ मूर्ती लंपास करून तिच्या जागी बनावट मूर्ती ठेवल्याचा दाट संशय आहे. मापाबद्दल आमची तक्रार नाही. टेप तुमचीच होती, धरणारा माणूसही तुमचाच होता. पण सरकारी टेपनं मोजलं म्हणून लेकरू दगडाचं होत नाही, आणि दूध पिणारं लेकरू सात महिने एका मापाचं राहत नाही, हे कागदावर लिहून कळवायची पाळी तुम्ही आमच्यावर आणली. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहितो. तुमच्याकडं वाचायला वेळ नसेल तर दुसरं कुणी वाचेल.

वस्तूचं खरं आयुष्य तिची नोंद झाल्यावर सुरू होतं, हे आता सर्वमान्य आहे. त्याआधी ती नुसतीच असते. नुसतं असणं हा काही पुरावा नव्हे. डोंगर असतो, नदी असते, शेजाऱ्याची म्हैस असते. पण विचारा, कशावरून? नोंद दाखवली की प्रश्न मिटतो, मग म्हैस असो वा नसो. हा विचार ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला माझा नमस्कार आहे. (तो सापडला तर आणखी बरंच सांगायचं आहे.)

आमच्या गावात वस्तुसंग्रहालय आहे. गावाचं नाव लिहीत नाही. भिऊन नव्हे, लिहिलं की कुणीतरी ते पोर्टलवर चढवील, आणि आमच्याकडचं जे पोर्टलवर चढलं ते खाली उतरत नाही असा अनुभव आहे. पूर्णेच्या स्टेशनावर उतरायचं, जीप मिळाली तर जीप, नाही तर पाय. एसटी गावात येत नाही. तुमची पत्रं येतात.

संग्रहालय काढलं सिद्धोधन गुरुजींनी. प्राथमिक शाळेतून रिटायर झाल्यावर माणसं वांग्याचा वाफा करतात, गुरुजींनी हे केलं. सोसायटीचं रिकामं पडलेलं गोदाम मागून घेतलं आणि घरोघरी फिरून म्हणाले, वापरात नसलेलं जुनंपानं असंल ते द्या. लोकांनी विचारलं, गुरुजी, दिलं अन् उद्या लागलं तर? गुरुजी म्हणाले, लागलं तर घिऊन जा, काम झालं की आणून ठिवा. एवढीच संग्रहालयाची घटना. तिच्यात आजवर दुरुस्ती झालेली नाही.

तर लोकांनी दिलं. शंभर पानांची डाळ एका वेळी शिजेल अशी तांब्याची देग आली. जत्रेचा नगारा आला. धान्य मोजायची पायली, शेर, अच्छेर आली. पूर्णेच्या एका रिटायर खलाशानं रेल्वेचा लाल-हिरवा कंदील आणून दिला (तो त्याच्याकडं कसा आला हे गुरुजींनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही). आणि निजामाच्या वेळचा, उर्दू अक्षरं कोरलेला मैलाचा दगड आला. तिथून पुढं देग लग्नाला जाते, नगारा जत्रेला जातो, कंदील लाईट गेल्यावर गोंधळाला जातो. मैलाचा दगड तेवढा कुठं जात नाही, कारण पूर्णा किती कोस हे तो सांगतो आणि ते सगळ्यांना माहीत आहे. बाकी ठिकाणी माणसं संग्रहालयात जातात. आमच्याकडं संग्रहालय माणसांत जातं.

आणि पाळणा.

पाळणा गावच्या मोठ्या घरचा होता. शिसवी लाकूड, चारी खांबांना कोरलेले पोपट, पितळेच्या कड्या. किती पिढ्यांचा ते कुणाला सांगता येत नाही, पण त्या सगळ्या पिढ्यांत मोठ्या घरच्या लेकरांशिवाय त्यात कुणी झोपलं नव्हतं. आमच्या आज्या त्याची दोरी ओढायला जायच्या. दोरीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची लेकरं कधी नव्हती. ती घरी, लुगड्याच्या झोळीत. मोठं घर पुण्याला गेलं तेव्हा गुरुजींनी पाळणा मागितला आणि त्यांनीही देऊन टाकला. (पुण्याच्या लिफ्टमध्ये तो बसला नसता.) त्यात पहिलं बारसं झालं ते साधनाचं. साधना म्हणजे मेंढरंवाल्या ग्यानबाची आणि केवळाबाईची लेक. गुरुजींनी मुद्दाम त्याच घरी पाळणा आधी धाडला. त्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. बाकी सगळ्या दिवशी ते करायचे.

तेव्हापासून आमच्या गावात लेकराचं नाव त्याच पाळण्यात ठेवायचं असा दस्तूर पडला. कुणाचंही लेकरू असो, कुठल्याही आळीचं. दुसऱ्या कशात ठेवलेलं नाव लोक मानतात, पण परक्याकडं जेवायला गेल्यासारखं, तोंडदेखलं मानतात.

गुरुजी वारल्यावर चावी बन्सीधरकडं आली. त्याची पिठाची गिरणी गोदामाला लागून आहे. चावी त्याच्या करगोट्याला असते. कुलूप कुणाकडं आहे हे निश्चित सांगता येत नाही. इतक्या वर्षांत एक वस्तू हरवली नाही, कारण चोरायला जाणाऱ्याला मागितलं तरी मिळत होतं.

अशा सुरळीत चाललेल्या संस्थेकडं शासनाचं लक्ष जाणारच.

योजनेचं नाव ‘वारसा आपल्या बोटावर’. सुट्टीत रिकाम्या असलेल्या विद्यार्थ्यांना काम मिळावं, रिकाम्या पडलेल्या संग्रहालयांची नोंद व्हावी, आणि दोन्ही झाल्याची नोंद तुमच्याकडं व्हावी, असे तिचे तीन हेतू. हेतूंत खोट काढायला जागा नाही. आमच्या वाट्याला परभणीच्या कॉलेजातली दोन पोरं आली. वैष्णवी इतिहासाची, हरिओम कॉमर्सचा. वैष्णवी इतिहासासाठी आली होती, हरिओम प्रमाणपत्रासाठी. त्यांना एक टॅब, एक मोजपट्टी आणि पांढऱ्या हातमोज्यांचे दोन जोड दिले होते. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात हातमोजे घालून फिरणारी माणसं पाहायला पहिल्या दिवशी बरीच गर्दी झाली. संग्रहालयाला त्याआधी एवढी गर्दी कधी झाली नव्हती, हे योजनेचं यश मी नाकारत नाही.

आता मे महिना म्हणजे लग्नं, जत्रा, जावळं, बारशी. मे महिन्यात आमचं संग्रहालय ऐन भरात असतं, म्हणजे पार मोकळं असतं. पोरांनी दार ढकललं तर आत मैलाचा दगड होता आणि त्याच्या गारव्याला बसलेली बन्सीधरची शेळी होती. हरिओमनं दगडाचा फोटो काढला. शेळी हलायला तयार नव्हती, म्हणून ती फोटोत आली. पोर्टलनं तो फोटो परत पाठवला. वर तांबड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘जिवंत प्राणी आढळला. कृपया हटवा.’

हे वाक्य ध्यानात ठेवा, साहेब. पुढं लागणार आहे.

बाकीच्या वस्तूंचं काय लिहायचं हा पेच पडला. पोर्टलवर वस्तूच्या स्थितीसाठी तीन पर्याय दिलेले होते: ‘जागेवर’, ‘खंडित’ आणि ‘चोरीस गेलेली’. ‘लग्नाला गेलीय, सोमवारी येईल’ असा चौथा पर्याय नव्हता. वैष्णवीनं मदतकेंद्राला फोन लावून विचारलं, जागेवर म्हणजे कुठल्या जागेवर? तिकडच्या माणसानं विचार करून सांगितलं, जिथं आहे तिथं. उत्तर बिनतोड होतं. पोरगी प्रामाणिक. वस्तू जिथं आहेत तिथं जायचं तिनं ठरवलं. हरिओमला ते पटलं नाही, पण देग ज्या लग्नात होती तिथं जेवण होतं हे कळल्यावर पटलं.

असं त्यांचं काम फार झपाट्यानं चाललं. देगीचा फोटो चुलवणावरच काढला. पोर्टलनं लिहिलं, ‘ताम्रपात्र, आतील द्रव अज्ञात’. अज्ञात द्रव दोघांनी दोन-दोनदा वाढून घेतला. नगारा जत्रेत सापडला. कंदील एका न्हाणीत सापडला.

पाळणा केवळाबाईच्या घरी होता.

साधना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरगी झाली. बारसं खरं तर बाराव्या दिवशी व्हायचं, पण जावई गोपाळ पालमला कापडाच्या दुकानात कामाला, आणि लग्नसराईत कापडदुकानदार नोकराला स्वतःच्या लग्नालाही सुट्टी देत नाही. म्हणून तारीख पुढं गेली. पाळणा मात्र आणून ठेवलेला. केवळाबाईनं लेकराला त्यात झोपवलं. शेजारच्या सगुणाबाईनं तिथल्या तिथं टोकलं, की नाव ठिवायच्या आदी पाळण्यात घालूने, इपरीत व्हतंय.

केवळाबाई म्हणाली, “भुई भाजायलीय माय. देवाला नाव लागत असंल, उन्हाला न्हाई लागत.”

तेवढ्यात ही पोरं पोचली. वैष्णवीनं विनंती केली, की बाळाला जरा उचलून घ्या, नुसत्या पाळण्याचा फोटो पाहिजे.

“आत्ताच डोळा लागलाय तिचा,” केवळाबाई म्हणाली. “उठली तर सांजच्यापातूर रडती. तू घेती का तिला, त्ये पांढरे मोजे घालून?”

वैष्णवीनं टॅबवरच्या सूचना पुन्हा वाचल्या. लिहिलं होतं, वस्तू आहे त्या स्थितीत टिपावी, मांडणीत बदल करू नये. तिनं टिपली. लेकरू नुकतंच तेल लावून न्हाऊ घातलेलं. भरपूर काजळ, डाव्या गालाला तीट, आणि झोपेत हसू. सटवी हसवते म्हणतात ते. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आली होती, ती नेमकी तेलकट कपाळावर. फोटो उत्तम आला. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि सगळे रकाने आपणहून भरून टाकले:

वस्तू: पाळणा, लाकडी.
सोबतची वस्तू: बाळकृष्ण, निद्रिस्त.
माध्यम: काळा पाषाण, तेलाचा लेप.
लांबी: बावन्न सेंटिमीटर.
काळ: अंदाजे बारावं शतक.
दुर्मिळता: अति.

वैष्णवीनं खोडायला पाहिलं. ते रकाने करड्या रंगाचे होते. करड्या रकान्यात माणसाला हात घालता येत नाही. परत मदतकेंद्राला फोन. तिकडच्यानं शांतपणे सांगितलं, “मॅडम, यंत्राला लाखभर मूर्ती दाखवल्यात. तुम्ही किती बघितल्यात?”

“मी लेकरू बघितलंय,” वैष्णवी म्हणाली.

“त्याला वेगळं खातं आहे,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आता इथं कुणाला वाटेल, यंत्र चुकलं. मी तसं म्हणत नाही. यंत्राला जे दाखवलं तेच ते ओळखणार. काळ्या रंगाचं, तेल लावलेलं, निवांत झोपलेलं आणि सुंदर असं जे जे त्याला दाखवलं गेलं, ते सगळं देवळातलं होतं. मेंढरंवाल्याचं लेकरू कुणी त्याला दाखवलंच नाही. शेळी दाखवली असावी.

फोटो पोर्टलवर चढला तो तिथं थांबला नाही. ‘मराठवाड्याचा हसरा बाळकृष्ण’ या नावानं तो मोबाईलमधून फिरायला लागला. खाली कमळाची फुलं, वर ‘शुभ सकाळ’. एका जाणकारानं लिहिलं, डाव्या गालावरचा काळा बिंदू हे त्या काळच्या घडणीचं खास लक्षण होय. दुसऱ्या जाणकारानं त्याला झोडपलं, की बिंदू असतो पण तो उजव्या गालावर. तिसऱ्यानं दोघांना संयम पाळायला सांगितलं. साधनाला तो फोटो तिच्या नणंदेकडून आला. सोबत हात जोडलेले होते. साधनानं कळवलं, ही तुमची भाची आहे. नणंदेनं उत्तर दिलं, भाग्यवान आहात, देवासारखं दिसतंय.

मग एवढी दुर्मिळ मूर्ती सुरक्षित आहे का हे पाहायला, साहेब, तुम्ही माणूस पाठवलात.

इथं आमची एक चूक झाली. ती कबूल करतो. साहेबांचा माणूस येणार म्हणून बन्सीधरनं गावाची अब्रू राखायला धावपळ केली. लग्नातून देग आणली, जत्रेतून नगारा आणला, केवळाबाईला एका दिवसाची बोली करून पाळणा आणला, सगळं ओळीनं मांडलं. एवढं भरलेलं संग्रहालय आम्ही स्वतः कधी बघितलं नव्हतं. लेकरू अर्थातच घरी होतं. तुमच्या माणसानं टॅबवर बघितलं, पाळण्यात बघितलं, पुन्हा टॅबवर बघितलं. म्हणाला, मूर्ती कुठं आहे?

बन्सीधर म्हणाला, “ती दूध प्यायलीय.”

तुमच्या माणसानं लिहून घेतलं: ‘मूर्ती दूध पिते असा स्थानिकांचा दावा.’ (असे दावे यापूर्वीही झालेले आहेत, त्यामुळं त्याला आश्चर्य वाटलं नाही.) मग त्यानं पाळण्याला पांढरं कापड गुंडाळलं, सुतळी बांधली, लाख ओतली, शिक्का मारला. अतिदुर्मिळ मूर्ती गहाळ. पाळणा हा गुन्ह्याशी संबंधित मुद्देमाल. मूर्ती हजर होईपर्यंत हात लावू नये. एक नोटीस बन्सीधरला, एक केवळाबाईला.

केवळाबाईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. तिनं एवढंच विचारलं, “मंग बारसं?”

पेशीची तारीख आली. परभणीला तुमच्या कचेरीत आम्ही सगळे आलो. केवळाबाई, साधना, मांडीवर पोरगी, बन्सीधर, मी आणि वैष्णवी. वैष्णवीचं काम संपलं होतं, तिला येण्याचं कारण नव्हतं. ती आली. (हरिओमला प्रमाणपत्र मिळालं होतं.) तुम्ही भेटलात, खुर्च्या दिल्यात, पंखा आमच्याकडं फिरवलात. तुमच्या वागणुकीबद्दल माझी काही तक्रार नाही. माणूस तुम्ही चांगले आहात. म्हणूनच जास्त राग येतो.

केवळाबाईनं लेकरू तुमच्या टेबलावर, फायलींच्या मधे ठेवलं. “ही घ्या तुमची मूर्ती.”

तुम्ही चष्मा काढून बघितलं. मग चष्मा लावून टॅब बघितला. म्हणालात, साम्य आहे. पण ही व्यक्ती आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर व्यक्तीचा पुरावा लागेल. नाव काय?

“नाव न्हाई अजून.”

जन्माचा दाखला साधनानं पुढं केला. नावाचा रकाना कोरा होता. तुम्ही म्हणालात, नाव घालून आणा. साधना म्हणाली, बारसं झालं की घालू. तुम्ही म्हणालात, मग करा. केवळाबाई म्हणाली, पाळणा सोडा. तुम्ही म्हणालात, मूर्ती हजर करा. केवळाबाईनं टेबलाकडं बोट दाखवलं. तुम्ही म्हणालात, ही मूर्ती असेल तर जमा करा, व्यक्ती असेल तर नाव सांगा.

हा युक्तिवाद मी घरी येऊन अनेकदा तपासला. कुठंच फट नाही. चाकासारखा गोल आहे आणि खाली लेकरू आहे.

मग केवळाबाई म्हणाली, “साहेब, तुमच्या डब्ब्यात काय लिव्हलंय, किसनदेव का? ही पोरगी हाय. दुपटं काढून दावू का?”

तुम्ही नको म्हणालात आणि शेऱ्यात लिहिलंत: ‘लिंगाबाबत तफावत.’

बन्सीधरनं खुर्ची पुढं ओढली. तो म्हणाला, “साहेब, माझी शेळी त्या यंत्रानं वळखली. जिती हाय म्हून परत लावली. मंग हे लेकरूच कसं न्हाई वळखलं?”

खरंच सांगतो, तुमचा चेहरा उतरला. तुम्हाला आम्हाला मदत करायची होती. तुम्ही म्हणालात, एक मार्ग आहे. मूर्ती ‘खंडित’ दाखवू. खंडित मूर्ती यादीतून आपोआप निघते, मग तुम्ही मोकळे. आणि तुम्ही स्वतःच्या बोटानं खंडित हा पर्याय दाबलात. कोपऱ्यातलं मशीन घरघरलं आणि आदेश बाहेर आला. तो तुम्हीच मोठ्यानं वाचायला घेतला आणि मधेच थांबलात. राहिलेला मी वाचला. ‘सदर खंडित मूर्तीचं येलदरी जलाशयात विधिवत विसर्जन करावं, विसर्जनाचं छायाचित्र जोडावं, आणि विसर्जित मूर्ती पुन्हा बाहेर काढली जाणार नाही याची दक्षता घ्यावी.’

साधनानं लेकरू टेबलावरून उचललं.

केवळाबाईनं विचारलं, “ह्याच्यावर सही कुणाची?”

तुम्ही म्हणालात, यंत्राची आहे.

“मंग यंत्राला म्हनावं, तू ये,” ती म्हणाली. “मेंढरू पुरात गेलं तर तलाठी पंचनामा कराया येतो. हिला पान्यात सोडाया मी एकलीच जानार न्हाई. सही करनाऱ्यानं यावं. मी वाट बघते.”

तो आदेश तुम्ही मागं घेतलात. ‘तूर्त स्थगित’ असा शब्द आहे. रद्द झालेला नाही, हे मी विसरलेलो नाही.

पुढं काय झालं ते तुमच्या रेकॉर्डला नाही, म्हणून सांगतो. गोपाळला एका दिवसाची सुट्टी मिळाली. पालमहून तो पेढे घेऊन आला आणि पाळणा कुठं आहे म्हणाला. केवळाबाई उठली. मेंढरांची लोकर कातरायची कातर घेतली आणि गोदामाकडं चालायला लागली. मागून बाया निघाल्या. सुतळी कच्‌कन तुटली. लाखेचा शिक्का शेळीनं हुंगून सोडून दिला. पाळणा तिथंच, मैलाच्या दगडाशेजारी मांडला, कारण घरी नेला असता तर पुन्हा चोरी झाली असती. इपरीत होईल म्हणणारी सगुणाबाईच सगळ्यांत आधी दोरीला बसली. आत्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या बसल्या. पोरीच्या कानात नाव सांगितलं, रोहिणी. आमच्या गावातलं ते पहिलं बारसं, जे संग्रहालयातच झालं.

वैष्णवी त्यालाही आली होती. तिनं टॅबवर फोटो काढला: गोदाम, पाळणा, पाळण्यात ती. स्थिती: जागेवर. पोर्टलवर हिरवी बरोबरची खूण आली. आठवड्यात तुमचं पत्र आलं. अतिदुर्मिळ मूर्ती परत मिळवल्याबद्दल ग्रामस्थांचं अभिनंदन. शेवटी एक ओळ: ‘यापुढे पाळणा व मूर्ती जागेवरून हलवू नये.’

मूर्ती दुसऱ्याच दिवशी आईच्या मांडीवर बसून पालमला गेली. पूर्णेपासून एसटीनं. तिकीट लागलं नाही. लहान मुलांना लागत नाही. कंडक्टरनं तिला माणूस धरलं. पुरावा मागितला नाही.

तेव्हापासून पडताळणी निघाली की आम्ही पालमला निरोप धाडतो. साधना दुकानदाराच्या पाया पडून गोपाळची सुट्टी मागते, लेकरू घेऊन येते, पाळण्यात निजवते, तुमचा माणूस बघतो, खूण करतो, जातो. गेल्या वेळी त्यानं टेप काढली. रोहिणीनं टेपचं टोक धरून तोंडात घातलं. दात येतायत तिला, खाली दोन. तिच्या तोंडातून टेप ओढून त्यानं माप लिहिलं: सहासष्ट. आणि मग हे तुमचं पत्र, की मूळ मूर्ती बदलली आहे.

आणि पाळणा? पाळणा जागेवर आहे. बारशानंतर तो हललेला नाही. बन्सीधरची हिंमत होत नाही, आणि गोदामाला आता तुम्ही पाठवलेलं कुलूप आहे, ज्याची चावी तुमच्याकडं आहे. गावात त्यानंतर लेकरं झाली. त्यांची नावं लुगड्याच्या झोळीत ठेवली. बाया दोरी ओढत्यात, पण ती दुसरीच दोरी. गुरुजींनी एका घरातून काढून गावाला दिलेला पाळणा पुन्हा मोठ्या घरचा झाला, साहेब. या वेळी घर तुमचं.

तुम्ही पत्रात विचारलंय, मूळ मूर्ती कुठं आहे? मूळ मूर्ती पालमला आहे. रांगते. पुढच्या मे महिन्यात, लग्नसराईत, सगळं संग्रहालय बाहेर जायच्या दिवसांत, ती चालायला लागेल. तेव्हा स्थिती काय लिहायची? जागेवर, खंडित, की चोरीस गेलेली? तिनं वाढावं की वाढू नये? आणि आमच्या पाळण्याचं कुलूप कोण काढणार? पंधरा दिवसांत खुलासा तुम्ही आमच्याकडं मागितला होता. आता आम्ही तुमच्याकडं मागतो, तेवढ्याच मुदतीत. उत्तर लेखी पाहिजे, आणि सही यंत्राची चालणार नाही.

आणि तुम्ही हसू नका. हो, वाचणारे, तुम्ही. तो फोटो तुमच्याही मोबाईलमध्ये येऊन गेलाय. मला एकट्याला आठ जणांनी पाठवला, त्यातले तिघं तर शिकवणारे आहेत. असेल अजून, मागं जाऊन बघा. ओठाच्या कोपऱ्याला दुधाचा थेंब आहे. मनगटात काळा दोरा आहे. दुपट्यावर कापडदुकानाचं नाव छापलंय, वाचता येईल इतकं ठळक. एवढं सगळं दिसत असताना तुम्ही हात जोडले आणि पुढं धाडलंत. यंत्राला लाख मूर्ती दाखवल्या होत्या, त्याचं एकवेळ समजू शकतं. तुम्हाला काय दाखवलं होतं?

साहेबांचं उत्तर लेखी मागितलंय. तुमचं तोंडी चालेल. पण द्या.